चाक पालथं घालून बघा: सेकंडहँड अलॉय ओरिजिनल आहे की रेप्लिका

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं. तर हे चाक मी मुद्दाम टेबलावर पालथं ठेवलंय, चेहरा खाली आणि पाठ वर, आणि बोलणं संपेपर्यंत ते तसंच राहणार आहे. कारण सेकंडहँड अलॉय, म्हणजे हलक्या धातूची चाकं, घेताना आपण सगळे चेहराच बघतो, स्पोक किती, रंग कसा, मधल्या कॅपवर नाव कुणाचं, आणि रेप्लिका बनवणाऱ्यानेही सगळी मेहनत नेमकी तिथेच घेतलेली असते. चेहऱ्याची नक्कल करणं सगळ्यात सोपं असतं. ओरिजिनल चाक समोर ठेवायचं, माप घ्यायचं, साचा बनवायचा, झालं. पाठीची नक्कल करायला मात्र तेवढाच खर्च येतो जेवढा ओरिजिनलवाल्याला आला, आणि मग स्वस्तात विकायचं कसं?

आता मुळात आपण पैसे कशाचे मोजतो ते बघू. सहा स्पोकचा आकार काय कोणीही कागदावर काढेल. तुम्ही मोजता ते धातूचे, तो धातू कसा घडवलाय त्याचे, आणि तो तुटेपर्यंत कोणीतरी तपासून बघितलाय त्याचे. चाक बनवायचे ढोबळ तीन प्रकार. एक म्हणजे कास्टिंग, वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओतायचं. दुसरं फ्लो फॉर्मिंग, म्हणजे आधी ओतून घ्यायचं आणि मग बाहेरचा गोल भाग, ज्याला बॅरल म्हणतात, तो गरम असताना फिरवत रोलरने दाबून ताणायचा, त्याने तो पातळ होतो पण घट्टही होतो. तिसरं फोर्जिंग, यात ओतकाम नाहीच, घन ठोकळ्यावर प्रचंड दाब देऊन आकार काढायचा आणि मग मशीनवर कोरायचं. ओतलेल्या धातूत बारीक पोकळ्या राहू शकतात, फोर्ज केलेल्यात त्या दाबाखाली मिटतात, म्हणून तेवढीच ताकद कमी धातूत मिळते. म्हणजेच वजन कमी. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या चाकांपैकी एक घ्या, रेज कंपनीचं वोल्क रेसिंग टीई३७. १९९६ साली आलं. त्या नावातला ३७ हा आकडा कुठून आला, तर १५ इंच व्यास आणि ६ इंच रुंदीच्या मापात ते चाक ३.७ किलोचं होतं म्हणून. चाकाच्या नावातच वजन आहे! आणि नक्कल करणारा नाव घेतो, आकार घेतो, स्टिकरसुद्धा हुबेहूब छापतो, पण ते वजन त्याला आणता येत नाही, कारण त्याने तो आकार ओतून काढलेला असतो आणि ओतलेलं चाक तेवढं बारीक ठेवलं तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात जाईल. मग तो धातू वाढवतो. १७-१८ इंची चाकात एका चाकामागे दोन-तीन किलोचा फरक सहज निघतो, आणि हा फरक रंगाने, स्टिकरने, कशानेच झाकता येत नाही.

म्हणून माझं पहिलं हत्यार वजनकाटा. सामान तोलायचा हुकवाला काटा असला तरी चालेल, नाहीतर घरातल्या काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग चाक हातात घेऊन उभं राहायचं, वजाबाकी करायची. पण एक गोष्ट लोक विसरतात, टायर चढवलेलं चाक तोलून काही कळत नाही. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर घेतले तरी वजनात चांगलाच फरक असतो, तेवढ्यात सगळा हिशेब बुडतो. टायर उतरवूनच तोला आणि आलेला आकडा त्याच मॉडेलच्या त्याच मापाच्या चाकाशी ताडून बघा, नुसत्या मॉडेलच्या नावाशी नाही, कारण रुंदी अर्ध्या इंचाने वाढली तरी वजन बदलतं.

आता पाठीकडे येऊ, हे बघा, इथे. स्पोकच्या मागच्या बाजूला हात फिरवा. चांगल्या कंपन्या जिथे धातूची गरज नाही तिथून तो काढून टाकतात, त्यामुळे स्पोकच्या मागे खोलगट खाचा दिसतात, दोन नटांच्या भोकांच्या मधेही कोरलेलं असतं, आणि कडा मशीनने साफ केलेल्या असतात. रेप्लिकाची पाठ बऱ्याचदा भरीव, सपाट, साच्यातून निघाली तशीच खरखरीत, कडेला साच्याच्या जोडाची रेघ तशीच राहिलेली. चेहरा चकचकीत आणि पाठ अशी, म्हणजे बनवणाऱ्याला माहीत होतं की कोणी पालथं घालून बघणार नाहीये. रेजच्या चाकांत अजून एक खूण आहे, टायर जिथे बसतो त्या कडेला बारीक खरखरीत दाते पाडलेले असतात, जोरात वेग घेताना किंवा ब्रेक मारताना टायर रिमवर घसरू नये म्हणून. टायर उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत. टायर उतरवा म्हणायला हे दुसरं कारण.

मग आकडे. पाठीवर किंवा बॅरलच्या आत माप लिहिलेलं असतं, समजा १७ बाय ७.५ जे, म्हणजे व्यास आणि रुंदी, दोन्ही इंचात, आणि जे म्हणजे कडेचा आकार. मग ५ बाय ११४.३, म्हणजे पाच नट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर, हा विचित्र आकडा साडेचार इंचांचा मिलिमीटर आहे, बाकी काही नाही. मग ईटी ४५ किंवा नुसतं अधिक ४५, हा ऑफसेट, चाकाच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे तो. ईटी हा जर्मन शब्दाचा शॉर्टकट आहे, आइनप्रेसटीफे.

हे आकडे नुसते असून चालत नाही, ते जुळायला हवेत. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच तपासणी. नावाजलेली कंपनी कोणतं मॉडेल कोणत्या व्यासात, रुंदीत, ऑफसेटमध्ये निघालं याचा कॅटलॉग छापते, आणि बंद झालेल्या मॉडेल्सचे जुने कॅटलॉगही थोडं शोधलं की मिळतात. तुमच्या समोरच्या चाकावर लिहिलेलं कॉम्बिनेशन त्या यादीत कुठेच नसेल तर स्टिकर कितीही खरा वाटू दे, थांबा. रेप्लिकावाला खपणारी मापं काढतो, ओरिजिनलवाल्याने ती काढली होती का हे तो बघत बसत नाही. एकाच चाकाला नटांची दहा भोकं, म्हणजे दोन वेगळ्या पीसीडीसाठी (पीसीडी म्हणजे नटांच्या वर्तुळाचा तो व्यास), असं दिसलं तर जास्त नीट बघा. साध्या चाकांत हे सर्रास असतं, महागड्या फोर्ज्ड चाकात एवढी भोकं पाडणं म्हणजे कमावलेली ताकद घालवणं.

तारीखही बघा. ओतीव चाकांवर बहुतेकदा घड्याळासारखा एक गोल शिक्का असतो, मध्ये बाण आणि भोवती महिन्याचे आकडे, बाजूला वर्ष. विकणारा म्हणतोय हे अमुक काळातलं दुर्मिळ चाक आणि शिक्का पंधरा वर्षं नंतरचा, तर एकतर त्याला माहीत नाही किंवा तो सांगत नाहीये. आणि जे चाक फक्त फोर्ज्डच निघायचं त्यावर हा साच्यातला शिक्का दिसलाच तर मग बघायचं काही उरलं नाही.

आता चाकावर दिसणाऱ्या जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या खुणा. यावरून लोक खूप फसतात म्हणून थोडं थांबतो. जेडब्ल्यूएल हे जपानचं हलक्या धातूच्या चाकांचं स्टँडर्ड. त्यात चाक वळणाच्या भाराखाली वाकवत फिरवून बघतात, वजन लादून रस्त्यासारखं फिरवत ठेवतात, आणि वजन आपटून धक्का सोसतं का ते बघतात. पण जेडब्ल्यूएलची खूण बनवणारा स्वतःच लावतो, मी टेस्ट केलंय असं तो स्वतः म्हणतो. व्हीआयए म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून नोंद केलेली. जर्मनीत केबीए नंबर असतो, तिथल्या सरकारी वाहन खात्याचा, तो चाकावरच असतो. आता साचा बनवणाऱ्याला ही अक्षरं साच्यात घालायला काही त्रास आहे का? काहीच नाही. म्हणून खूण नसेल तर शंका नक्की घ्या, पण खूण दिसली म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका.

तीन भागांच्या चाकांचं वेगळं. बीबीएसचं आरएस घ्या, १९८३ चं. बीबीएस हे नाव म्हणजे बाउमगार्टनर आणि ब्रांड हे दोन संस्थापक आणि त्यांचं गाव शिल्टाख, १९७० ची कंपनी. आरएसमध्ये मधली जाळी वेगळी, बाहेरचा आणि आतला गोल वेगळा, आणि कडेचे ते सगळे छोटे बोल्ट खरंच हे तुकडे धरून ठेवतात. नकलेत चाक एकसंध ओतलेलं आणि बोल्ट म्हणजे वरून चिकटवलेल्या टिकल्या. नखाने हलवून बघा, आतून बघा, बोल्टचं दुसरं टोक दिसतं का, तुकड्यांचा जोड दिसतो का. पण घाई नको, खुद्द ओरिजिनल ब्रँडच्या काही एकसंध चाकांवरही शोभेचे बोल्ट असतात, म्हणून आधी ते मॉडेल मुळात किती भागांचं होतं ते माहीत पाहिजे.

सेंटर कॅपवर एकच वाक्य बोलतो. ती बोटाने निघते आणि बोटाने बसते, तिचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

माझ्यासोबत घडलेलं सांगतो कारण ही चूक कोणाचीही होऊ शकते. मी चार चाकांचा सेट घेतला, एक पालथं घालून नीट तपासलं, खाचा, आकडे, सगळं बरोबर, बाकीची तीन तशीच गाडीत टाकली. टायर बसवताना बॅलन्सिंगवाल्याने हाक मारली की एका चाकाला बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त शिसं लावावं लागतंय. उतरवून बघितलं तर चौथं चाक रेप्लिका. आधीच्या मालकाचं एक तुटलं असणार आणि त्याने दिसायला सारखं आणून सेट पुरा केला असणार, विकणाऱ्याला कदाचित माहीतही नसेल. तेव्हापासून मी चारही चाकं बघतो, चारही तोलतो, आणि एकाच एक्सलवर दोन वेगळ्या ताकदीची चाकं फिरतायत हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

ओरिजिनल ठरलं म्हणजे घ्यावं असंही नाही, हे मला फार कळकळीने सांगायचंय. आतल्या कडेला तडा असलेलं, वेल्डिंग करून वर पावडर कोटिंग मारलेलं ओरिजिनल चाक हे सरळ, धड, आणि स्वतःच्या नावाने टेस्ट करून विकलेल्या साध्या चाकापेक्षा वाईट. फोर्ज्ड चाकाची बरीचशी ताकद धातूला दिलेल्या हीट ट्रीटमेंटमधून येते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तीच त्या जागी निघून जाते. म्हणून ताजा जाड रंग दिसला की विचारा आधी काय होतं. आकडे रंगाखाली बुजलेत का बघा, आतल्या कडेवरून बोट फिरवा, उंचवटा लागतो का, आणि बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून कड डोलते का ते बघा. दुसऱ्याच्या डिझाइनसारखं दिसणारं चाक कोणी स्वतःच्या नावाने, वजन आणि लोड रेटिंग, म्हणजे चाक किती भार पेलतं तो आकडा, सांगून विकत असेल तर माझी त्याच्याशी वेगळी भांडणं आहेत, पण तो तुम्हाला फसवत नाहीये. फसवणूक तेव्हा होते जेव्हा ते दुसऱ्याच्या नावाने विकलं जातं.

हो, विचारा. लांबचा विकणारा असेल, जाऊन बघता येत नसेल तर? तर फोटो मागायचे, पण तुम्ही सांगाल ते. चारही चाकांच्या पाठीचे, आकड्यांचे जवळून, काट्यावर चाक ठेवलेलं आणि आकडा दिसतोय असा, आणि प्रत्येक फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे दुसऱ्याच्या चाकाचे फोटो पाठवले जाणार नाहीत. टायर उतरवायला नाही म्हणाला तर उतरवण्या-चढवण्याचा खर्च मी देतो म्हणा. खरं चाक असलेला माणूस बहुतेकदा हो म्हणतो, उलट त्यालाही आवडतं कोणीतरी एवढं बघतंय.

आणि गाडीला आधीच लावलेली रेप्लिका निघाली तर? आधी तिच्यावरचं लोड रेटिंग शोधा, किलोमध्ये लिहिलेलं असतं, आणि गाडीच्या जड एक्सलवरच्या जास्तीत जास्त वजनाचा अर्धा भाग त्यापेक्षा कमी आहे ना ते बघा. आकडाच नसेल किंवा कमी पडत असेल तर ती चाकं उतरवा. पुरत असेल तर टायरची अदलाबदल करायला गाडी वर घेतली की दर वेळी आतली कड आणि स्पोकच्या मुळाशी पुसून, उजेड मारून तडा बघा, आणि एका टायरची हवा कारण नसताना पुन्हा पुन्हा उतरायला लागली तर टायरच्या आधी रिम बघा, कारण बारीक तडा बऱ्याचदा पहिल्यांदा हवेतूनच कळतो.

आता दोघं-दोघं पुढे या, काटा इथे आहे, हे आणि त्याच्या शेजारचं दुसरं चाक, दोन्ही हातात घेऊन बघा.