आलू कुस्करायचा की दाबून काढायचा?

नमस्कार श्रोतेहो. मागच्या बाजाराला आमच्या गावात भांडेवाल्याने मला एक नवंच औजार दाखवलं. लांब दांड्यांची लिंबूपिळणीच म्हणा, पण तिच्यात उकडलेला आलू मावतो. "ताई, हा रायसर. दाबला की आलूचा भात पडते," तो म्हणाला. शेजारीच मॅशर टांगलेला, पावभाजीच्या गाडीवर दिसतो तो. आता घरी नेमकं काय हवं?

आधी गेल्या उन्हाळ्यातली माझी फजिती ऐका. साबुदाणा-आलूच्या चकल्या घालायच्या होत्या. पाच किलो आलू रात्रीच उकडून ठेवले. सकाळी ते गार, कडक. मॅशरने कुस्करले, शिजवलेला साबुदाणा, तिखट, जिरं घातलं, स्लॅबवर बाजेवर प्लास्टिक अंथरलं आणि सोऱ्या धरला. दुसऱ्याच चकलीला अडला! चण्याएवढी गाठ भोकात. काडीने काढली, दाबलं, पुन्हा गाठ. ऊन डोक्यावर आलेलं. मग मी शहाणपणा केला, उरलेले आलू मिक्सरमधून काढले. अहो, खळ झाली. पतंग चिकटवावे अशी. सासूबाई खालूनच ओरडल्या, "अवं, पुरनाचं यंत्र घरात हाय ना!"

बरोबरच होतं त्यांचं. आलूच्या पेशींत स्टार्चचे कण असतात. उकडताना ते पाणी पिऊन फुगतात. पेशी नुसत्या सुट्या झाल्या तर आलू मऊ, भुरभुरीत राहतो. फुटल्या की स्टार्च बाहेर येतो आणि चिकटा होतो. मिक्सरचं पातं पेशी कापतच सुटतं. मॅशरनेही एकाच जागी ठेचत बसलं की तेच. रायसरमध्ये आलू भोकांतून एकदाच जातो. पुरणयंत्र त्याचंच भावंड. रायसरचा दट्ट्या सरळ दाबतो, यंत्राचं पातं गोल फिरतं, एवढाच फरक. आलू मात्र गरम असतानाच घाला, गार झाला की घट्ट होतो. रायसरात अर्धा चिरलेला आलू सालीसकट चालतो, चिरलेली बाजू भोकांकडे ठेवायची, साल आतच राहते. पुरणयंत्रात सोलूनच घालावा.

आलूही पारखून घ्या. 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवा आणि कच्चा आलू सोडा. बुडाला तर पिठूळ, चकलीचा. तरंगला तर पाणचट, तो रस्सा भाजीला ठेवा.

आलुबोंड्याला मात्र यातलं काहीच नको. दाताखाली फोड आली पाहिजे, सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि लसूण-मिरची तिला लागली पाहिजे. हातानेच फोडा. भरताच्या वांग्याला मॅशर पुरे. रायसरातून काढलेलं वांगं बाळाला भरवावं, भाकरीसोबत त्यात काही मजा नाही.

मी रायसर जागेवर ठेवला आणि फक्त चहागाळणी घेऊन आले. पुरणयंत्र आमच्याकडे होळी-पोळ्यालाच निघायचं, आता ओट्यावरच असतं. वापरलं की लगेच गार पाण्यात बुडवायचं, आलू वाळला की भोकं बुजतात. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ते विसरले होते. सकाळी सासूबाई दाभण घेऊन एकेक भोक मोकळं करत बसल्या होत्या, आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या.