पहिलं बाळंतपण माहेरीच कशाला?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष आहे असं ज्यांना सोनोग्राफीत सांगितलंय त्यांच्याशी, आणि त्यांच्या सासूबाईंशी जरा जास्तच.

पाचव्या महिन्यात, 18 ते 20 आठवड्यांच्या आसपास ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघायची सोनोग्राफी करतात ना, त्यात शंका आली की डॉक्टर फीटल इकोला, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीला पाठवतात, आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न काय, तर ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का गं? अहो, बाळाचं हृदय पहिल्या दोन-अडीच महिन्यांत घडून झालेलं असतं. शंभरात जवळपास एका बाळाला असा काहीतरी दोष असतो, कधी आईचा डायबिटीस, कधी सुरुवातीला झालेला रुबेला, पण बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. तेव्हा विळीचा विषय बंद.

सगळे दोष सारखेही नसतात. छोटं भोक पुष्कळदा आपोआप बुजतं. पण टीजीए म्हणून एक दोष आहे, त्यात हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. पोटात बाळ मजेत वाढतं, कारण ऑक्सिजन वारेतून मिळतो, पण जन्मानंतर काही तासांत-दिवसांत हृदयाजवळची एक छोटी नळी बंद व्हायला लागते आणि बाळ निळं पडतं. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाचं ड्रिप लावतात आणि मग पहिल्या काही आठवड्यांत रक्तवाहिन्या आपापल्या योग्य जागी जोडायचं ऑपरेशन, जे 1975 साली ब्राझीलमध्ये पहिल्यांदा यशस्वी झालं आणि आता आपल्याकडेही होतं.

म्हणून असा दोष असेल तर पहिलं बाळंतपण माहेरीच हा हट्ट सोडा हो. तालुक्याला डिलिव्हरी करून मग निळं बाळ ॲम्ब्युलन्समध्ये घालून पुणं-मुंबई गाठायची, त्यापेक्षा ते आईच्या पोटातूनच तिथं गेलेलं बरं. नववा लागला की लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात त्या हॉस्पिटलजवळ खोली घ्या, माहेरचे तिकडे येतील की डिंकाचे लाडू घेऊन! आणि सिझरच करावं लागेल असंही नाही, बऱ्याच जणींची नॉर्मल होते.

पैशाचं टेन्शन असतंच, तर 2013 पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मुलांच्या जन्मजात दोषांवर मोफत उपचारांची सोय असते, जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी आधीच करून ठेवा, ऐनवेळी नको.

आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारा, जन्मल्याबरोबर ड्रिप लागेल का, ते इथं मिळेल का, नसेल तर आम्ही कुठं नाव घालायचं?