सिव्हिलायझेशन ६: सहावं शहर वसवायचं की शेजाऱ्याचं घ्यायचं?

[स्क्रीनवर: राजधानीची प्रॉडक्शन यादी, कर्सर सेटलरवर]

नमस्कार मंडळी. सिव्हिलायझेशन ६ हा टर्नमागून टर्न, म्हणजे पाळीपाळीने खेळायचा, साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम. आज थेट आकड्यांपासून सुरुवात करू. ही सेटलरची, म्हणजे नवं शहर वसवणाऱ्या युनिटची किंमत बघा. पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनचा (प्रॉडक्शन म्हणजे शहराची बांधणीची ताकद). तो बनला की पुढचा ११०, मग १४०, १७०, २००. दर वेळी ३० चढतात. सुरुवातीला फुकट मिळालेला सेटलर या मोजणीत धरत नाहीत. आता त्याच यादीत आर्चर, म्हणजे धनुर्धारी बघा: ६०. दहा आर्चर बनवलेत तरी अकरावा ६० लाच मिळतो.

म्हणजे सहाव्या शहरासाठी लागणाऱ्या सेटलरच्या किमतीत तीन आर्चर येतात, आणि वर २० उरतात. नवे खेळाडू विस्तार आणि लढाई हे दोन वेगळे विषय समजतात. आधी शहरं वसवू, लढाईचं नंतर बघू, असं म्हणतात. गेमच्या हिशोबात मात्र दोन्ही खर्च एकाच पिशवीतून होतात. कोणत्या टर्नला सेटलर थांबवायचा आणि फौज उभी करायची, आजचा व्हिडिओ एवढ्यासाठीच आहे.

आकडे स्टँडर्ड स्पीडचे आहेत, आणि राइज अँड फॉल, गॅदरिंग स्टॉर्म ही दोन्ही एक्सपान्शन चालू धरली आहेत. डिफिकल्टी प्रिन्स ठेवा. तिथे कॉम्प्युटरला जादा काही मिळत नाही, त्यामुळे चूक कुठे झाली ते स्वच्छ दिसतं. डीटी या सगळ्यात अवघड पातळीवर समोरचा तीन सेटलर घेऊन सुरू होतो. तिथे शिकायला जाणं म्हणजे पोहायला शिकायला थेट समुद्रात उडी मारणं.

[स्क्रीनवर: पहिले टर्न]

राजधानी पहिल्या किंवा दुसऱ्या टर्नला वसवा. दुसरा टर्न फक्त एवढ्यासाठी, की शेजारी नदीकाठची मैदानी टेकडी असेल. साध्या जागी शहराच्या मधल्या टाइलला (नकाशावरच्या षटकोनी घराला) २ फूड आणि १ प्रॉडक्शन मिळतं, मैदानी टेकडीवर २ आणि २. जिथे सगळं शहर मिळून चार-पाच प्रॉडक्शन काढतं, तिथे तो एक फार मोठा असतो.

मग स्काउट ३०, स्लिंगर (गोफणवाला) ३५, आणि शहराची लोकसंख्या २ झाली की सेटलर. एकावर असताना सेटलर बनतच नाही, कारण तो जाताना एक माणूस घेऊन जातो. लोकसंख्या वाढायला वेळ असेल तर मधल्या टर्नमध्ये टाइल सुधारणारा बिल्डर काढा. तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकचं (सामाजिक शोधाचं) इन्स्पिरेशन, म्हणजे ते लवकर मिळवून देणारी सूट मिळते, आणि तिथेच अगोगे हे धोरणाचं कार्ड आहे. त्याचं काम पुढे येईल.

जागा निवडताना सेटलर लेन्सचे, म्हणजे जागेची प्रत दाखवणारे नकाशावरचे रंग नीट वाचा. गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, हाउसिंग (लोकांना राहायची जागा) ५. फिकट हिरवं म्हणजे समुद्रकिनारा, हाउसिंग ३. करडं म्हणजे पाणी नाही, हाउसिंग २. आता हे लोक कुठे फसतात बघा. हाउसिंग आणि लोकसंख्या यांत एकाचाच फरक उरला की वाढ निम्म्यावर येते. म्हणजे करड्या जागेवरचं शहर पहिल्या माणसापासूनच लंगडत चालतं. ग्रॅनरी बांधून २ हाउसिंग मिळवाल, पण तेवढं प्रॉडक्शन त्या शहरात असतं कुठे? लोखंड किंवा घोडे अडवायचे असतील तरच करडी जागा घ्या.

अंतराचा नियम असा, की दोन शहरांमध्ये किमान तीन टाइल मोकळ्या हव्यात. शक्यतो तेवढंच अंतर ठेवा. ऐसपैस शहरं दिसायला छान, पण प्रत्येक शहर जेमतेम सात ते दहा लोकसंख्येला पोहोचतं. छत्तीस टाइल त्याच्या हाती आल्या तरी निम्म्याहून जास्त पडीक राहतात. शहरं जवळजवळ असली की लॉयल्टी, म्हणजे शहराची निष्ठाही सांभाळली जाते. नऊ टाइलच्या आतली प्रत्येक लोकसंख्या दाब टाकते, आणि दर टाइलमागे तो दाब १० टक्क्यांनी उतरतो. शेजाऱ्याच्या राजधानीला खेटून एकटंच शहर वसवलंत, तर वीसेक टर्नांत ते त्याच्या पदरात पडलेलं बघावं लागेल.

[स्क्रीनवर: चीफडम, दोन्ही कार्डं लावलेली]

चीफडम या सुरुवातीच्या शासनपद्धतीत कार्डांसाठी एक लष्करी जागा आणि एक आर्थिक जागा. आर्थिक जागेत कॉलोनायझेशन: सेटलरसाठी ५० टक्के जादा प्रॉडक्शन. ते अर्ली एम्पायर या सिव्हिकवर मिळतं, आणि त्याचं इन्स्पिरेशन म्हणजे सगळी शहरं मिळून लोकसंख्या ६. लष्करी जागेत अगोगे: सुरुवातीच्या हातघाईच्या, भाल्याच्या आणि लांबून मारा करणाऱ्या युनिटना ५० टक्के. दोन्ही कार्डं एकाच वेळी लावता येतात, म्हणून सेटलर की आर्चर या भांडणात निदान कार्डांची ओढाताण होत नाही.

चार शहरं झाली की थांबा आणि नकाशा बघा. गोड्या पाण्याच्या चांगल्या जागा अजून दोन-तीन मोकळ्या आहेत? मग वसवत राहा. युद्ध करायचंच म्हणून करू नका. पण शेजारी दहा टाइलवर असेल आणि मधली जमीन संपली असेल, तर पुढचा १७० चा सेटलर विसरा.

फौजेचा हिशोब: पाच आर्चर ३००, दोन वॉरियर ८०, एक बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) ६५. एकूण ४४५. अगोगे लावलं तर याहून बरंच कमी. पहिल्या चार सेटलरचेच होतात ५००, आणि त्यातून चार रिकाम्या वाड्या मिळतात. इथे शेजाऱ्याची वाढलेली राजधानी मिळते.

आर्चर थेट बनवायची गरजही नाही. आधी ३५ चे स्लिंगर काढा, एखाद्या स्लिंगरने कुठल्याही युनिटचा जीव घेतला की आर्चरी या तंत्रज्ञानाचं युरेका (इन्स्पिरेशनसारखीच सूट) मिळतं, आणि मग गोल्ड देऊन स्लिंगरचे आर्चर करा. शिकार म्हणून बार्बेरियनांचा, म्हणजे रानटी टोळ्यांचा स्काउट उत्तम. त्याला तसंही मारायचंच असतं. तुमचं शहर बघून तो तळावर परतला, की तिथून धाड सुटते.

[स्क्रीनवर: आर्चर आणि वॉरियर, नुकसानाचा अंदाज]

आता लढाईचं गणित. समान ताकदीची दोन युनिट भिडली तर सरासरी ३० नुकसान. ताकदीतल्या प्रत्येक गुणामागे साधारण ४ टक्क्यांचा फरक, आणि १७ गुणांची आघाडी असली की नुकसान जवळपास दुप्पट. आर्चरचा मारा २५, वॉरियर २०: फरक ५, म्हणजे सुमारे ३६ नुकसान. तीन बाणांत वॉरियर खलास. तोच वॉरियर टेकडीवर दोन टर्न तळ ठोकून बसला, तर टेकडीचे ३ आणि फोर्टिफायचे ६ मिळून तो २९ चा होतो. आता नुकसान पंचवीसच्या आसपास, म्हणजे चार बाण लागतात. तो एक जादा बाण म्हणजे दर टर्नला एक आर्चर त्याच्यावरच अडकलेला. म्हणून टेकडीवरच्या युनिटशी लढत बसू नका, त्याला खाली येऊ द्या. कॉम्प्युटर बऱ्याचदा येतोच.

शहरावर बाणांचा परिणाम कमी होतो: मारा १७ ने घटतो. शहराची ताकद २० धरा. आपले २५ वजा १७, उरले ८. एका बाणाला १८-१९ नुकसान. पाच आर्चर मिळून नव्वदीच्या घरात, शहराचे पॉइंट २००. तिसऱ्या टर्नला शहर शून्यावर येतं. पण शून्यावर आलं म्हणजे मिळालं असं नाही. आर्चर शहरात शिरू शकत नाही. वॉरियर शेजारच्या टाइलवर आधीच उभा हवा, तोही निम्म्याहून जास्त जिवंत. पाचही आर्चर शाबूत, शहर शून्यावर आणि वॉरियर मेलेला: नव्या खेळाडूची मोहीम सगळ्यात जास्त वेळा इथेच फसते.

तटबंदी झाली की चित्र बदलतं. एन्शंट वॉल्सचे १०० पॉइंट वेगळे, त्यांना बाणांचं नुकसान निम्मं, आणि तट असलेलं शहर दोन टाइलपर्यंत उलट मारा करतं. हातघाईच्या युनिटचं तर १५ टक्केच लागतं. रॅम याच्यासाठी. तो वॉरियरच्याच टाइलवर ठेवून शहराला भिडवा, मग वॉरियरचा घाव तटावर पूर्ण बसतो. पण मध्ययुगीन तट उभा राहिला की हा रॅम निरुपयोगी. म्हणून या मोहिमेला मुदत आहे. मेसनरी हे तंत्रज्ञान आलं की समोरचा कधीही तट बांधू शकतो. स्काउट त्याच्या राजधानीजवळ सोडून ठेवा. शहराच्या पट्टीवर तटाची दुसरी रेघ दिसली, की रॅमशिवाय निघू नका.

आणखी थांबून लोखंडाच्या स्वोर्ड्समनची वाट बघावी का? स्वोर्ड्समनला २० लोखंड लागतं, एक खाण टर्नला २ देते. एका खाणीवर दर दहा टर्नला एक युनिट. तोवर तट झालेला असेल. पहिल्या शेजाऱ्यासाठी थांबू नका.

[स्क्रीनवर: शहराभोवतीच्या सहा टाइल]

वेढा. वेढलेलं नसेल तर शहर दर टर्नला २० पॉइंट भरून काढतं, म्हणजे तुमचा एक अख्खा आर्चर दर टर्नला फुकट. वेढ्यासाठी सहाही टाइल भरायची गरज नाही. दोन वॉरियर समोरासमोरच्या टाइलवर उभे करा. प्रत्येकाचा धाक शेजारच्या दोन टाइलवर चालतो, स्वतःची टाइल धरून तीन आणि तीन सहा. अट एवढीच, की मध्ये नदी नको, नदीपलीकडे धाक चालत नाही. आर्चरला असा धाक नसतो, त्यामुळे आर्चरांनी घेरून वेढा पडत नाही.

आर्चरला चालायला २ पॉइंट. टेकडी किंवा जंगलात शिरायला दोन्ही जातात, मग त्या टर्नला बाण सुटत नाही. तट असलेल्या शहरासमोर असा रिकामा टर्न म्हणजे एक आर्चर अर्धमेला. शहरापासून तीन टाइलवर सगळे जमवा आणि एकाच टर्नला आत सरका. जखमी युनिटला प्रमोशन आलं असेल तर लगेच देऊ नका, जीव धोक्यात येईपर्यंत राखून ठेवा: प्रमोशन घेतलं की ५० पॉइंट भरतात. शत्रूच्या हद्दीत नुसतं बसून टर्नला फक्त ५ मिळतात, स्वतःच्या हद्दीत १५.

युद्ध जाहीर करायच्या पाच टर्न आधी शेजाऱ्याला डिनाउन्स करा, म्हणजे त्याचा जाहीर निषेध करा. अचानक हल्ल्याला १५० ग्रीव्हन्स (तुमच्याविरुद्धच्या तक्रारी), रीतसर युद्धाला १००. फौज हद्दीपर्यंत चालत जायला पाच टर्न लागतातच, तेव्हा यात गमावण्यासारखं काही नाही. भारत घेऊन चंद्रगुप्त खेळत असाल तर मिलिटरी ट्रेनिंग या सिव्हिकनंतर त्याचं खास विस्तारयुद्ध मिळतं: पहिले दहा टर्न हालचाल २ ने आणि ताकद ५ ने जास्त. तोवर वरू हा भारताचा खास लढाऊ हत्ती हाताशी असतो, ताकद ४०, आणि शेजारच्या शत्रूची ताकद तो ५ ने उतरवतो. त्याच्यासाठी वेळापत्रक थोडं मागे नेलं तरी चालेल.

[स्क्रीनवर: जिंकलेलं शहर, लॉयल्टीचा बाण खाली]

शहर घेतलं की पहिलं काम गव्हर्नर, म्हणजे शहरावर नेमायचा कारभारी. गव्हर्नर बसला की ८ लॉयल्टी. इतरांना बस्तान बसवायला पाच टर्न लागतात, व्हिक्टर या गव्हर्नरला तीन, म्हणून तो राखून ठेवा. तरी बाण खालीच असेल तर एकच उपाय: दाब टाकणारं जवळचं शहरही घ्या. एक शहर घेऊन थांबणं हा सगळ्यात महाग पर्याय, कारण शेजाऱ्याचा राग पूर्ण मिळतो आणि शहर मात्र बंड करून निघून जातं.

तह दहा टर्नांच्या आत होत नाही. दहा झाले की बोलणी उघडा, आणि जिंकलेली शहरं तहाच्या कागदात नावानिशी मागून घ्या. ती यादीत टाकायची राहिली, तर तह होऊनही शहरावर ताब्याचा शिक्का तसाच राहतो. आर्चर मोडीत काढू नका. पुढे त्यांचेच क्रॉसबोमॅन होतात, प्रमोशनसकट.