हर्स्लीच्या नोंदवहीतली तीन मुलं

मेफ्लॉवर जहाज १६२० साली १०२ प्रवासी घेऊन अमेरिकेला निघालं. त्यांतला एक स्टीफन हॉपकिन्स. त्याच्यापासून आपल्यापर्यंत वंशावळ जुळवणारे आज अमेरिकेत पुष्कळ. मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्थाच आहे, १८९७ पासूनची, आणि ती पिढीपिढीचा पुरावा मागते. पण स्टीफनच्या मागे कोण? तो मुळात कुठला?

बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: ग्लॉस्टरशायरमधलं वॉर्टली. आधार काय, तर नाव जुळतं. नुसत्या नावावर बाप ठरवायचा, तर कोणीही कोणाचा वंशज निघेल!

खरा धागा मिळाला तो मुलांकडून. मेफ्लॉवरच्या लोकांनी अमेरिकेत वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने प्रवाशांची यादी लिहून ठेवली आहे. जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही हॉपकिन्सची पहिल्या बायकोची मुलं, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. म्हणजे आता एक नाव नाही, एक घर शोधायचं.

ते १९९८ मध्ये केलेब जॉन्सन या संशोधकाने दाखवून दिलं. हॅम्पशायरमधलं हर्स्ली गाव, तिथल्या चर्चची नोंदवही. एलिझाबेथ, कॉन्स्टन्स, जाइल्स. कॉन्स्टन्सचा बाप्तिस्मा ११ मे १६०६ चा, जाइल्सचा ३० जानेवारी १६०७ चा. दोघांत नऊ महिनेही नाहीत? आहेत. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपल्या हिशेबाने तो जानेवारी १६०८ चा.

जाइल्सनंतर मात्र पाळणा हलत नाही. मला तर हीच सगळ्यात बोलकी नोंद वाटते. कारण १६०९ मध्ये व्हर्जिनियाला निघालेलं सी व्हेंचर जहाज बर्म्युडाजवळ फुटलं, आणि त्यावर एक स्टीफन हॉपकिन्स होता. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरचा हुकूम इथे बर्म्युडात चालत नाही, असं तो लोकांना सांगत सुटला. बंडाचा आरोप, मृत्युदंड. मग बायकामुलं देशोधडीला लागतील म्हणून इतका रडला, की माफी मिळाली.

ती बायको, मेरी, हर्स्लीत वारली. दफन ९ मे १६१३. तिच्या मालमत्तेच्या कागदांत पुन्हा तीच तीन मुलं.

स्टीफन परतला. १६१८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलला एलिझाबेथ फिशरशी लग्न केलं, आणि दोन वर्षांनी मेफ्लॉवरवर चढला.

हर्स्ली सापडल्यावर शोध हॅम्पशायरमध्येच पुढे सरकला. अप्पर क्लॅटफर्ड गावात ३० एप्रिल १५८१ ला बाप्तिस्मा झालेला स्टीफन तो हाच, असं आता मानलं जातं. बाप जॉन हॉपकिन्स, आई एलिझाबेथ विल्यम्स.