फैजपूर ते पाचोरा : तालुक्याच्या वार्ताहराला संरक्षण कोणाचं?

(दृश्य : सातपुड्याचा पायथा, केळीच्या बागा, फैजपूरचा रस्ता.)

यावल तालुक्यातलं हे फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. पुढच्या काही महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या आणि जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. मताधिकार मोजक्याच लोकांना होता, तरी हे निवडून आलेलं सरकार होतं.

त्या काळात छापखानावाल्यांच्या डोक्यावर १९३१ चा वृत्तपत्र कायदा टांगलेला होता. मजकूर खटकला की सरकार जामीन मागे, पुन्हा खटकला की जामीन जप्त करी. संपादकाला तुरुंगात टाकायची गरजही पडत नसे. लहान गावातला छापखाना हजार-पाचशेच्या मागणीनेच बसायचा.

प्रांतात लोकांचं सरकार असताना, १९३८ मध्ये, साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना मुलांसाठी मासिक चालवणारा हा माणूस आता शेतसाऱ्यावर आणि गिरणी कामगारांवर लिहीत होता. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, शरद ऋतू संपता संपता काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांचा अंमल सुरू झाला. मोकळा श्वास घ्यायला मिळाला होता तो जेमतेम दोन वर्षं.

हा छोटा काळ आम्ही मुद्दाम आधी सांगतो आहोत. लोकशाहीकडे जाण्याचा पहिला अनुभव खानदेशाने तेव्हाच घेतला होता, आणि त्यातली उणीवही तेव्हाच दिसली होती. मंत्री भले असले तरी १९३१ चा कायदा तसाच राहिला. मंत्री गेले आणि कायदा मागे उरला.

(दृश्य : जुन्या छापखान्यातले खिळे, शाईचे रूळ.)

स्वातंत्र्यानंतरही गाडी सरळ रुळावरून धावली नाही. राज्यघटनेत ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ असा वेगळा अनुच्छेद नाही. अनुच्छेद १९ मधल्या भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच ते धरलं जातं. मे १९५० मध्ये रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरची मद्रास प्रांतातली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. जेमतेम वर्षभरात, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी कारणं निर्बंधांच्या यादीत जाऊन बसली. पुढे सरकारने वृत्तपत्राची पानं आणि किंमत एकमेकांना बांधून टाकली, तेव्हा पुण्याचा ‘सकाळ’ न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. पानं कमी करायला लावणं म्हणजे विचार कमी करायला लावणं, हे त्या खटल्याने देशाला दाखवून दिलं. मराठी वाचकाने अभिमानाने सांगावा असा तो खटला आहे, आणि आपण तो फारसा सांगत नाही.

आणीबाणी सगळ्यांना ठाऊक आहे. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, पाठोपाठ सेन्सॉर आला. त्यापेक्षा मार्च १९७७ नंतरचे महिने बघण्यासारखे आहेत. मोडलेली यंत्रणा एकेक करून उभी करावी लागली. ‘आक्षेपार्ह’ मजकुराला बंदी घालणारा १९७६ चा कायदा रद्द झाला. संसदेतलं कामकाज निर्धास्तपणे छापण्याचं संरक्षण फिरोज गांधींच्या प्रयत्नांतून १९५६ मध्ये मिळालं होतं आणि आणीबाणीत काढून घेतलं गेलं होतं. ते परत आलं आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने थेट घटनेत गेलं. बरखास्त झालेली प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांसंबंधीच्या तक्रारी ऐकणारी संस्था, नव्या कायद्याने पुन्हा आली. जबरदस्तीने एक केलेल्या वृत्तसंस्था पुन्हा वेगळ्या झाल्या.

या डागडुजीचं फळ दिसलं ते १९८० मध्ये, बिहारच्या भागलपूरमधून. पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याचं ‘इंडियन एक्सप्रेस’ने उघडकीस आणलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. बातमी एका जिल्ह्याच्या गावातली होती. दिल्लीत बसून ती कोणालाच मिळाली नसती.

(दृश्य : नकाशा. इंडोनेशिया, मग मोझांबिक, मग नेपाळ.)

आता थोडं लांब जाऊ, कारण आपल्या तालुक्याचा प्रश्न तिथेही सापडतो.

इंडोनेशियात सुहार्तो यांनी १९९४ मध्ये ‘तेंपो’सह तीन नियतकालिकं बंद केली. मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले, त्याच वर्षी ‘तेंपो’ परत निघालं आणि १९९९ मध्ये नवा प्रेस कायदा आला. प्रकाशनासाठी लागणारा सरकारी परवाना गेला, सेन्सॉर आणि बंदीला मनाई झाली, पत्रकाराचं काम अडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी माहिती खातंच मोडीत काढलं. कागदावर याहून चांगलं स्थित्यंतर शोधून सापडायचं नाही.

पण त्याच देशात उदिन नावाने ओळखला जाणारा एक वार्ताहर होता, फुआद मुहम्मद शफरुद्दीन. योग्यकार्ताच्या ‘बेर्नास’ दैनिकासाठी तो शेजारच्या बांतुल जिल्ह्यातल्या बातम्या द्यायचा : जिल्हाप्रमुखाची फेरनिवड, जमिनी, विकासनिधी. १३ ऑगस्ट १९९६ च्या रात्री त्याच्या घराच्या दारात त्याला लोखंडी सळीने मारलं आणि तीन दिवसांनी तो गेला. पोलिसांनी एका ड्रायव्हरला पकडलं, पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. त्यानंतर सुहार्तो गेले, कायदा बदलला, खातं मोडलं. उदिनचे खरे मारेकरी मात्र न्यायालयासमोर आले नाहीत. राजधानीतली सत्ता बदलली तरी जुना खून उकरून काढण्याची गरज जिल्ह्यातल्या कोणालाच वाटली नाही. इंडोनेशियातल्या पत्रकारांच्या संघटनेने मात्र त्याच्या नावाचा पुरस्कार सुरू ठेवला आहे.

मोझांबिकमध्ये १९९० ची नवी घटना आली, १९९१ चा प्रेस कायदा आला, १९९२ मध्ये यादवी युद्ध थांबलं. पत्रकार कार्लूश कार्दोझू तोवर सरकारी वृत्तसंस्था सांभाळून बाहेर पडले होते. छापखान्याला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फॅक्सवरून जाणारं दैनिक काढलं. पुढे स्वतःचं ‘मेतिकाल’. एका बँकेतून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर लुबाडले गेले होते आणि खटला पुढे सरकत नव्हता. कार्दोझू त्या प्रकरणाच्या मागेच लागले. २२ नोव्हेंबर २००० रोजी राजधानी मापुतूच्या रस्त्यात गाडीवर गोळ्या झाडून त्यांचा खून केला. इथे मात्र खटला उभा राहिला. कडेकोट तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून तो चालला, आणि टीव्ही-रेडिओवरून देशाने तो थेट ऐकला. जानेवारी २००३ मध्ये सहा जणांना शिक्षा झाली. या प्रकरणातून आम्हाला एक गोष्ट शिकावीशी वाटते. खटला उघड्यावर चालला म्हणून साक्षी दाबून टाकणं अवघड गेलं.

नेपाळ तर आपल्या उशाशी आहे. मे २००८ मध्ये राजेशाही संपली. पुढच्याच जानेवारीत जनकपूरला उमा सिंह या रेडिओ पत्रकाराला तिच्या खोलीत घुसून जमावाने मारलं. ती हुंड्यावर आणि तराईतल्या बळकावलेल्या जमिनींवर बोलत होती.

तीन देश, तीन काळ. सेन्सॉरची कात्री निघाल्यावर बातमी लिहिता येते, हे तिन्हीकडे खरं ठरलं. आणि जमीन, ठेका, बँक यांच्यावर लिहिणाऱ्याला आता गावातल्याच माणसाकडून धोका असतो, हेही तितकंच खरं ठरलं.

(दृश्य : गिरणेचं पात्र, वाळूचे खड्डे, पहाटे निघालेला डंपर.)

आता आपल्याकडे. वाळूची बातमी कशी उभी राहते ते बघा. लिलावात गट किती ब्रासला गेला, वाहतुकीचे पास किती निघाले, रॉयल्टी किती भरली, आणि नदीत प्रत्यक्ष खड्डा केवढा आहे. चारही आकडे वेगवेगळ्या टेबलांवर असतात. रस्त्याच्या कामात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका शेजारी शेजारी ठेवावी लागते. सातबाऱ्यावरचा फेरफार कोणत्या तारखेचा आणि जमीन संपादनाची अधिसूचना कोणत्या तारखेची, एवढं जुळवलं तरी कधी कधी पूर्ण प्रकरण हातात येतं. शोधपत्रकारिता म्हणजे बहुतेक वेळा हे कागद जुळवणं असतं, आणि त्याला वेळ लागतो.

किती वेळ? जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांच्या तक्रारीवरून २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, त्यात ४८ जण दोषी ठरले आणि पुढे अपिलं झाली. इतकी वर्षं एका प्रकरणाच्या मागे राहायचं तर वार्ताहराला पगार हवा, जुने अंक जपणारं कार्यालय हवं, मानहानीची नोटीस आली तर उभा राहणारा वकील हवा. तालुक्याच्या वार्ताहराला यातलं काय मिळतं? बऱ्याच जणांना मिळतं ते तुटपुंजं मानधन आणि दिवाळी पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट. ज्या ठेकेदाराचा रस्ता उखडला त्याच्याच शुभेच्छांची जाहिरात आणायला त्याला पाठवलं जातं. ही व्यवस्था मालकांनी बदलली पाहिजे. सरकारकडे बोट दाखवून या एका बाबतीत सुटका होणार नाही.

माहिती अधिकाराने या माणसाला मोठा आधार दिला. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, नाही दिलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला नाशिक गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, तरी लोक जातात. सरदार सरोवराच्या पाण्याचा फटका याच दोन तालुक्यांतल्या ३३ गावांना बसला. पुनर्वसनाच्या याद्या, जमिनीचे तुकडे, अपात्र ठरलेली कुटुंबं हे सगळं कागदांतूनच शोधावं लागतं. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. पूर्वी त्या कलमातच सार्वजनिक हिताचा विचार होता, आता ‘वैयक्तिक’ एवढा शिक्का मारून अर्ज परत करणं सोपं झालं आहे. व्यापक सार्वजनिक हिताचं दुसरं पोटकलम शिल्लक आहे, पण ते सिद्ध करत अपिलांच्या पायऱ्या चढायच्या त्या अर्जदारानेच. लाभार्थ्यांची नावंच दिली नाहीत तर बोगस लाभार्थी शोधायचा कसा?

आणि कागद देणारा माणूस? कचेरीतला कारकून चहाच्या टपरीवर हळूच म्हणतो, “नाना, झेरॉक्स घ्या, पण माझं नाव येऊ देऊ नका.” हा शब्द पाळायला कायद्याचा आधार जवळपास नाही. प्रेस कौन्सिलसमोर सूत्र सांगण्याची सक्ती करता येत नाही, एवढंच १९७८ चा कायदा म्हणतो. न्यायालयातही हे संरक्षण असावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या ९३ व्या अहवालात केली. ती तशीच पडून आहे. तोवर पत्रकाराचा मोबाइल हातात पडला की त्या कारकुनाचं नाव पडलंच.

(दृश्य : पाचोरा शहरातला रस्ता, वर्दळ.)

ऑगस्ट २०२३. पाचोऱ्यात एका पत्रकाराला भरदिवसा रस्त्यात मारहाण झाली. त्याचं सीसीटीव्ही चित्रण राज्यभर पाहिलं गेलं.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, आणि तो मिळवायला संघटनांनी वर्षानुवर्षं झगडा केला. विधिमंडळाने २०१७ मध्ये तो मंजूर केला, २०१९ मध्ये तो अमलात आला. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कायदा चांगला आहे. त्याची अडचण व्याख्येत आहे. पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असलेली आणि प्रसारमाध्यमात नियमित किंवा कंत्राटी नोकरीवर असलेली व्यक्तीच त्यात बसते.

शिरपूरचा वार्ताहर झेरॉक्सचं दुकान चालवतो. शहाद्याचा शेती करतो. चोपड्याचा शिकवण्या घेतो. बातमीवर पोट भरत नाही म्हणून हे करावं लागतं, आणि हे करावं लागतं म्हणून कायद्याच्या नजरेत त्याचा मुख्य व्यवसाय वेगळा ठरू शकतो. त्याच्या खिशात ओळखपत्र असतं, नियुक्तिपत्र बहुधा नसतं. हल्ला झाला, तर आरोपीचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल : हा पत्रकार कशावरून?

यावर दोन गोष्टी करता येतात. वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनी आपल्या प्रत्येक तालुका वार्ताहराला सही-शिक्क्याचं एक पानी कंत्राट द्यावं. त्याला विधिमंडळाची परवानगी लागत नाही. आणि कायद्यातली व्याख्या दुरुस्त करून, मुख्य व्यवसायाची अट काढून, जो प्रसारमाध्यमासाठी बातमी गोळा करतो त्या प्रत्येकाला तिच्यात घ्यावं. जळगावचे ११, धुळ्याचे ५ आणि नंदुरबारचे ४ असे २० आमदार खानदेशातून निवडून जातात. पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधी त्यांतल्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न लेखी विचारा : ही दुरुस्ती तुम्ही मांडणार का? आलेली उत्तरं त्या त्या तालुक्याच्या पानावर, आमदाराच्या नावासह छापा.