दंडाची पावती आणि इतिहासाचा तास

प्रास्ताविकात मला ‘आदिवासी इतिहासाचे अभ्यासक’ म्हटलं गेलं. तेवढं मागे घ्या. मी पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी या आदिवासी पट्ट्यात इतिहास शिकवणारा मास्तर. तिथं जे फार उशिरा कळलं, ते तुम्हा शिक्षकांपुढे ठेवतो.

नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत असतो. पंचवार्षिक योजना, हरितक्रांती, आणीबाणी असं मी शिकवत जायचो. समोर बसलेली मुलं वारली, कोकणा, मल्हार कोळी, थोडी कातकरी. त्यांची माणसं धड्यात कुठे भेटायची? १९०० साली बिरसा मुंडा तुरुंगात जातात, त्यानंतर आदिवासी एकदम ‘दुर्बल घटक’ म्हणून, एखाद्या योजनेचा लाभार्थी होऊन उगवतो. मधल्या काळात तो काय करत होता, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मीही नाही.

वनहक्काचे दावे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणूनचे अर्ज, भरायला सुरुवात झाली तेव्हाची गोष्ट. दोन दिवस गैरहजर असलेला एक मुलगा प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. म्हणाला, “सर, हे वाचून द्या.” आत आजोबांच्या वेळच्या दंडाच्या पावत्या होत्या. जंगलात अतिक्रमण करून नागली पेरली, म्हणून फॉरेस्टवाल्यांनी केलेला दंड. घरच्यांनी त्या का जपल्या असतील? पैसे भरल्याचा पुरावा हवा, पुन्हा कोणी मागायला नको, एवढ्यासाठीच. आणि आता १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपण कसतो, हे दाखवायला तोच कागद कामाला येणार होता. ज्या चिटोऱ्यानं आजोबाला चोर ठरवलं, त्याच चिटोऱ्यावर नातवाच्या घराचा हक्क उभा राहत होता. साधनांची चिकित्सा या विषयावर मी किती तास घेतले असतील. असं उदाहरण मला एकदाही सापडलं नव्हतं.

मग मी कायदा नीट वाचला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. संसदेनं इतिहासाबद्दल दिलेलं ते विधान आहे, पण आपण ते नागरिकशास्त्रात टाकून मोकळे होतो. २००८ च्या नियमांतली पुराव्यांची यादी तर इतिहासाच्या शिक्षकानं पाठच करावी: सरकारी दस्त, जुने गॅझेटियर, बांधबंदिस्ती, विहिरी, दफनभूमी, देवाची जागा, वंशावळ आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण सरकारदरबारी पुरावा म्हणून चालते. आपल्याकडे मौखिक साधनं दोन गुणांच्या टिपेपुरती.

त्या वर्षी मी मुलांना जबाब लिहून आणायला सांगितलं. अडचण पहिल्याच दिवशी आली. आजोबांना साल सांगता येईना. ते म्हणत, “लाल बावटा आला तेव्हा मी ढोरं राखायचो.” लाल बावटा म्हणजे कम्युनिस्टांच्या किसान सभेचा झेंडा. आता बावटा कधी आला? टिटवाळ्याची किसान सभेची परिषद, मग झरीची सभा, दोन्ही १९४५ च्या. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर त्याच काळात या भागात फिरत होते. तेव्हा ढोरं राखणारं पोर, म्हणजे आजोबा पंचाहत्तरीच्या आसपास. वर्गात हे गणित सुटलं तेव्हा मुलांना सनावळी पहिल्यांदा उपयोगाची वाटली.

त्यापुढचं मला शिकवावं लागलं नाही. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायचे, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. हा शब्द मुलांनी घरून आणला. वेठ बंद करण्याचा निर्धार, गवतकापणीच्या मजुरीसाठीचा संप, १० ऑक्टोबर १९४५ चा तलासरी भागातला गोळीबार, त्यात गेलेले जेठ्या गांगड. स्वातंत्र्य यायला तेव्हा दोन वर्षंही उरली नव्हती.

एक चूकही सांगतो. मी सावकारांची आडनावं वर्गात मोठ्यानं वाचली. त्यातल्या एका घरातली मुलगी त्याच बाकांवर बसली होती. ती दोन दिवस शाळेत आली नाही. नंतर तिला बोलावून मी माफी मागितली आणि तिच्या घरच्या जुन्या वह्या बघायला मिळतील का विचारलं. वह्या मिळाल्या नाहीत, पण ती वर्गात परत बसली. नावं लपवा असं मी म्हणत नाही. समोर कोण बसलंय ते बघून बोला.

अगदी अलीकडचं शिकवायला आपण बिचकतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या मोर्चात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनं होते आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मोठी मागणी होती. परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा नको, म्हणून ते शीवपासून आझाद मैदानापर्यंत रात्रीतून चालले. दहावीच्या वर्गात हे सांगायला राजकारणाची भीती कसली वाटते, मला कळत नाही.

हा उपक्रम तुमच्यापैकी कोणी करणार असेल तर एक विनंती. पावत्या मुलांकडून वर्गात मागवू नका. त्यांची दुसरी प्रत नसते, आणि दाव्याचं अपील चालू असेल तर त्या पिशवीवरच घराची जमीन टांगलेली असते. तुम्हीच घरी जा, ओटीवर बसा, त्यांच्यादेखत वाचा आणि त्यांच्यासमोरच पिशवीत परत ठेवा. पावसाळ्यात तर मागूच नका.