ब्लूटूथ बंद, दारं उघडी : नी-ऑलेसुंडच्या कामाबद्दल

तर मंडळी, नी-ऑलेसुंड म्हणजे आर्क्टिकमधल्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं एक चिमुकलं गाव. विमानापासूनच सुरुवात करतो, कारण सगळे आधी तेच विचारतात, की अरे तू तिथे पोचलास कसा. गोव्याहून दिल्ली, मग ऑस्लो, तिथून स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, इथवर सगळं नेहमीसारखंच, मोठं जेट, ट्रॉली, कॉफी. पुढे रस्ताच नाही. मग एक छोटं डॉर्नियर २२८, आठवड्यातून मोजक्याच वेळा, आणि हे तेच विमान बरं का, जे आपल्या कानपूरला एचएएल बनवतं आणि आपलं नौदल दाबोळीहून उडवतं. त्यामुळे मला तर ओळखीचंच वाटलं. फ्लाइट जेमतेम अर्धा तास, खाली हिमनद्या, उतरायचं खडीच्या धावपट्टीवर. पण वजनाचा हिशेब कडक, उपकरणाचा खोका घेतला की लोणच्याची बाटली आधी बाहेर. आणि ढग खाली आले की विमान नाही, मग लाँगइयरब्येनला बसा, तिथलं हॉटेलचं भाडं ऐकून माझे अकाउंट्सवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गाव म्हणजे काय, ७९ अंश उत्तरेच्या जरासं खाली, हिवाळ्यात तीसचाळीस माणसं, उन्हाळ्यात शंभरावर. पूर्वी कोळशाची खाण होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये स्फोट झाला, २१ कामगार गेले, खाण बंद पडली, आणि १९६३ मध्ये त्यावरून नॉर्वेचं सरकार पडलं. आता गाव सरकारी मालकीची कंपनी चालवते, जेवण, पाणी, दुकान, विमान सगळं तीच बघते, आणि वेगवेगळे देश तिच्याकडून घरं भाड्याने घेऊन संशोधन करतात. आपलं, म्हणजे भारताचं, संशोधन ठाणं 'हिमाद्री' तिथे २००८ पासून आहे, बघतं गोव्याचं वास्कोतलं ध्रुवीय संशोधन केंद्र. आपली हवेची, ढगांची काही उपकरणं चालतात गावाबाहेरच्या ग्रुवेबादेतमध्ये, म्हणजे खाणकामगार जिथे आंघोळ करायचे त्या इमारतीत. मला हे फार आवडतं, कुठे ती कोळशाने काळी झालेली माणसं आणि कुठे आम्ही, हवेतली काजळी मोजतोय.

आता नियम. तिथे वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, मोबाईल पोचायच्या आधीच फ्लाइट मोडवर. हा कुणाचा हट्ट नाही, गावात नॉर्वेच्या मॅपिंग खात्याच्या मोठ्या अँटेना आहेत, त्या अब्जावधी प्रकाशवर्षं लांबच्या क्वेसारचे, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या झगझगीत केंद्रांचे, रेडिओ सिग्नल ऐकतात, जगभरच्या अशाच अँटेनांच्या वेळेशी ताडून पृथ्वी नेमकी कशी फिरतेय ते काढतात, तुमचं जीपीएस शेवटी त्यावर उभं आहे. ते सिग्नल इतके क्षीण की तुमच्या खिशातला इअरफोन त्यांच्यापुढे लग्नातला डीजे. म्हणून २० किलोमीटरच्या परिघात बंदी.

दुसरं, दारांना कुलूप लावत नाहीत. अस्वल आलं तर कोणीही जवळच्या दारात घुसलं पाहिजे. गावाबाहेर पडायचं तर रायफल लागते, त्यामुळे आल्या आल्या आधी नेमबाजीचं ट्रेनिंग, आमच्यातले एक सर, आयुष्यात जत्रेतला फुगासुद्धा फोडलेला नाही, पण पहिल्याच फेरीत सगळ्यात चांगले निघाले. जेवायला सगळे एकाच मेसमध्ये, बूट दारात काढायचे (हे आपल्याला शिकवावं लागत नाही), आणि शनिवारी चांगले कपडे घालून यायचं. शाकाहारी माणसाचं भागतं, पण चीज आणि बटाट्यावर.

काम म्हणाल तर फिल्टर बदलणं, बर्फ झटकणं, पंप ऐकत बसणं. डेटा वायरने जातो, समुद्राखालून फायबर आलीय, स्पीड आमच्या सोसायटीपेक्षा झकास. फक्त लॅपटॉपला वायर लावून एकाच टेबलाशी बसायचं. बायको व्हिडिओ कॉलवर म्हणते, जरा बाहेर जाऊन दाखव ना, अस्वल दिसतंय का बघू. तिला म्हटलं, वायर दारापर्यंतसुद्धा पोचत नाही.